दोघींची कादंबरी : कामाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

आज ठरलं. वहिनींकडं डायऱ्यांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेली साठेक पानं आहेत. त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळाची, आप्पांची. माझ्याकडं कोल्हापूरच्या २०१९ च्या पुराच्या दिवसांत फोनवर टिपलेल्या नोंदी. दोन्ही अर्धवट. दादा म्हणाला, दोघींचं मिळून एक पुस्तक काढा, बघू की. तो कशालाही बघू की म्हणतो, पण या खेपेला आम्ही दोघींनी ते मनावर घेतलं.

कादंबरीतली मुलगी शालन, गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्याची, लेक. जन्म १९८९ च्या पुरात, शेवट २०१९ च्या पुरात. मधला सगळा गूळ.

नियम ठरवले आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्समागं लिहून फ्रिजवर लावले. एक प्रकरण त्यांचं, एक माझं. दुसरीनं लिहिलेलं खोडायला परवानगी मागायची नाही. खोडलेलं मात्र वेगळ्या फाइलीत ठेवायचं, फेकायचं नाही. शेवटी वाचणाऱ्याला कुणी काय लिहिलंय ते कळता कामा नये. हा शेवटचा नियम माझा. वहिनी म्हणाल्या, "कळलं तर काय हुतंय?" मला नीट सांगता आलं नाही.

२ जुलै

पहिलं प्रकरण वहिनींचं. नऊ पानं, आणि त्यात शालन अजून जन्मलेलीच नाही. पण चुलवाणाचं, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीचं, वर्णन असं की चिपाडाचा धूर नाकात जातो. त्यांनी हे पतसंस्थेतनं आल्यावर, भाकऱ्या थापून झाल्यावर, दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलंय. मी दिवसभर डीटीपी करते, लग्नपत्रिका आणि प्रबंध, तरी माझी आठ दिवसांत दोनच पानं.

माझ्या दोन पानांत आप्पा उकळत्या रसाची दोन बोटांत तार काढून बघतात. वहिनी हसून हसून खाली बसल्या. "ताई, तो काय गुलाबजामाचा पाक हाय?" मग त्यांनी करून दाखवलं. हात गार पाण्यात बुडवायचा, फावड्यावरचा चटका बसणारा थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, काठावर टाकायची. टण्‌ वाजली तर उतरवायची वेळ झाली. मऊ पडली तर अजून जाळ. स्वयंपाकघरात काहील नव्हती, म्हणून स्टीलच्या ताटावर शेंगदाणा टाकून दाखवला.

मी कुठंतरी वाचून ११८ अंश सेल्सिअस असंही लिहिलं होतं. आकडा बरोबर आहे, ढेपेचा गूळ त्याच्या आसपास उतरवतात. वहिनींनी तो खोडला. "आमच्या आप्पांनी ताप मोजायचा काटाबी कधी हातात धरला न्हाई." नियमाप्रमाणं मी काही बोलले नाही. रात्री बराच वेळ चिडून होते.

२६ जुलै

गेले आठ दिवस लिखाण शून्य. पंचगंगा नदी ४३ फुटांच्या वर. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडतात, धरण भरलं की पाण्याच्याच दाबानं. एकेका दरवाजातनं १४२८ क्युसेक. इथं शाळेतल्या पोरालाही हे तोंडपाठ असतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि सकाळी उठलं की दात घासायच्या आधी फोनवर फूट-इंच बघायचं.

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलंय. कॉम्प्युटर, प्रिंटर, कागदाची रिमं वर माळ्यावर. मी दादाकडं, फुलेवाडीला.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, लिहून ठेवा आत्ताच, नंतर आठवत नाही. मी म्हटलं, मला लिहायला येत नाही असं, सामान हलवताना. त्यांनी उशाशी वही ठेवली आणि जाऊन झोपल्या. वहीत एक ओळ लिहिली : पाण्याला आवाज नसतो, आवाज भांड्यांचा असतो. तेवढंच. सकाळी बघितलं तर त्याखाली त्यांच्या अक्षरात : "आणि कुत्र्यांचा." बरोबर आहे. २०१९ ला गच्चीवर अडकलेली कुत्री रात्रभर रडत होती, ते मी विसरले होते.

९ ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. सकाळी गेले तर खासबागेपाशी माणसं नुसती उभी होती. कुणी बोलत नव्हतं. १९१५ चं, शाहू महाराजांनी बांधलेलं. आज केशवरावांची जयंती, काल तिथं आग.

आमचं चौथं प्रकरण तिथंच घडतं. १९९८, आप्पा शालनला नाटक दाखवायला आणतात आणि दुसऱ्या अंकात झोपतात. हे आता ठेवायचं कसं? मी दुपारी बसून ते प्रकरण पुन्हा लिहिलं. रडत लिहिलं म्हटलं तरी चालेल. लाकडी छत, पडद्याचा वास, सगळ्यावर हात फिरवत.

वहिनींनी रात्री वाचलं आणि माझ्या सोळा ओळींपैकी तेरा काढल्या. कारण एवढंच सांगितलं : "शालनला कुठं म्हाईत हाय हे जळणार हाय ते? तिला खुर्ची टोचतीया." अगदी खरं. १९९८ ची नऊ वर्षांची पोर छताकडं कशाला बघेल? ती कधी सुटतंय आणि भेळ कधी मिळते याचा विचार करणार. तेरा ओळी ‘खोडलेलं’मध्ये टाकल्या.

लिहायला शिकले ते शाळेत, असं समजत होते. खोडायला आत्ता शिकतेय.

१ सप्टेंबर

कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मोठा तक्ता काढला. वर साल, खाली शालनचं वय, त्याखाली खरंच काय झालं ते. १९८९ पूर. २००५ पूर. २०१९ पूर, पाणी ५५ फूट ७ इंच, शिरोलीजवळ हायवे बंद.

तक्ता काढल्या काढल्या घोळ सापडला. १९८९ च्या पावसाळ्यात जन्मलेली पोरगी २००५ च्या पुरात सोळा वर्षांची, म्हणजे अकरावीत. वहिनींनी तिला बारावी नापास करून ठेवलीय, आणि त्या नापासावर तीन प्रकरणं उभी आहेत. नापास झाली म्हणून लग्न, लग्न म्हणून गुऱ्हाळ भावाकडं. एक वर्ष हललं की सगळी उतरंड हलते.

वहिनी म्हणाल्या, तिला एक वर्ष लवकर शाळेत घातली म्हणायचं. मी म्हटलं, मग नापासाचं दुःख कमी होईल, वाचणारा म्हणेल पोरगी लहानच होती. दोन तास. चहा तीनदा. शेवटी नापास काढलीच. आता शालन अकरावीला चांगल्या मार्कांनी पास आहे, आणि तरी लग्न ठरतं. प्रकरण आधीपेक्षा कितीतरी वाईट झालं, म्हणजे शालनसाठी.

याच तक्त्यानं आप्पांचा हातही पकडला. प्रकरण दोनमध्ये भाजलेला उजवा, सहामध्ये डावा. डावा ठेवला. उजव्या हातानं गोळी वळायची असते.

२ नोव्हेंबर, पाडवा

मार्केट यार्डात गेलो दोघी. पाडव्याला नव्या गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त असतो. रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, हळदकुंकू, नारळ, आणि मग बोली. मला बोलीतलं काही कळेना. वहिनी मात्र एका रव्यावर नख मारून, चव घेऊन म्हणाल्या, "साखर मिसळलीया." व्यापाऱ्यानं वळून बघितलं. आम्ही पुढं सरकलो.

आता बरेच जण दहा, पाच, एक किलोचे रवे मागतात. वहिनींच्या लहानपणी तीस किलोचा रवा, आप्पा तो खांद्यावर घेऊन गाडीत टाकायचे. हे कादंबरीत घ्यायचं, पण बाईट दिल्यासारखं नको. फक्त एवढंच की शालनचा मुलगा एक किलोचा रवा चेंडूसारखा झेलतो आणि आप्पा त्याच्या पाठीत धपाटा घालतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

निवडणुकीच्या पत्रकांनी जीव घेतला. बुधवारी मतदान. तीन उमेदवारांची कामं एकाच टेबलावर, एकाचा फोटो दुसऱ्याच्या पत्रकात जायचा राहिला थोडक्यात. गल्लीत प्रचाराच्या रिक्षा. पण पैसे रोख मिळाले, सहा महिने लिहायला हरकत नाही.

आज सगळं टाकून भोगावतीकाठी वहिनींच्या गावी गेलो. त्यांचं गुऱ्हाळ बंद होऊन अकरा वर्षं झाली. शेजारच्यांचं चालू आहे. पहाटे पाचला पोचलो, पहिलं आदण, म्हणजे रसाची पहिली काहील, चुलीवर होतं. भेंडीच्या झाडाचा ठेचलेला लगदा पाण्यात कालवून त्याचं बुळबुळीत पाणी रसात ओततात, तेव्हा काळी मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. रस हळूहळू हिरवट, मग पिवळा, मग मधासारखा होत जातो. गुळव्या बोलत नव्हता. मी त्याला काही विचारलं की तो काहिलीकडं बघत उत्तर द्यायचा. टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ, एवढा आकडा त्यानं माझ्या वहीकडं न बघता सांगितला. बाकी चिपाड, आणि रसातलं पाणी वाफ होऊन जातं. मी उभ्या उभ्या भिजले त्या वाफेनं.

काहील उतरवून गूळ निवायच्या वाफ्यात ओतली तेव्हा वहिनी मागं वळून उभ्या राहिल्या. मी विचारलं नाही. येताना मोटारीत म्हणाल्या, आप्पा गेले त्या दिवशीचं आदण कुणी उतरवलंच नाही, करपलं. हे त्यांनी साठ पानांत कुठंच लिहिलेलं नाही. मीही म्हटलं नाही की लिहा.

१५ डिसेंबर

भांडण. नियम माझे, मोडले मीच.

अकराव्या प्रकरणात शालनच्या सासूचं बारा पानी पुराण आहे. उत्तम आहे, पण कादंबरी तिथं बसून राहते. मी बाराची अडीच केली. इथवर नियमातच. पण उरलेली साडेनऊ ‘खोडलेलं’ फाइलीत ठेवायची विसरले, आणि वहिनींकडं दुसरी प्रत नव्हती. गेली ती गेलीच. सासूच्या गाठोड्यातल्या अकरा वस्तूंची एक यादी होती त्यात, प्रत्येकीची एकेक ओळ. मला त्यातल्या चारच आठवतात.

वहिनी काही बोलल्या नाहीत. "असू दे ताई." असू दे म्हटलं की माणूस संपतो.

७ जानेवारी २०२५

तेवीस दिवस फाइल जशीच्या तशी. मी दोनदा माझं प्रकरण उघडलं आणि बंद केलं. मला वाटत होतं मी एकटीही लिहू शकेन. लिहिलंही एक पान. व्याकरणशुद्ध, मुद्देसूद, आणि त्यात कुणाला भूक लागत नाही.

काल रात्री वहिनींचा फोन, "गंगावेशीत येता का, दूध प्यायला." गेलो. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून पेला हातात. फेस मिशीला लावून पोरं उभी. पेला गरम असतो, आणि थंडीत दोन्ही हातांनी धरावासा वाटतो. साडेनऊ पानांबद्दल माफी मागायची ठरवून गेले होते, मागितलीही. त्या म्हणाल्या, "त्यातल्या सात वस्तू माझ्या सासूच्याच हुत्या, म्हणजे तुमच्या आईच्या. तुम्हाला म्हाईत असतील असं वाटलेलं." मग आईबद्दल, २०१९ बद्दल, घरात पाणी होतं त्या आठवड्याबद्दल तास दीड तास बोलत बसलो. लिखाणाबद्दल एक शब्द नाही.

आज सकाळी फाइलीत त्यांची चार नवी पानं.

२ फेब्रुवारी

पहिली तीन प्रकरणं एका प्रकाशकाकडं पाठवली होती. नाव लिहीत नाही. परत आली ती लाल होऊन. शालन सगळीकडं "मी येतो", "मी सांगितलो न्हाई" म्हणते, ते प्रत्येक ठिकाणी "येते", "सांगितलं नाही" केलंय. समासात शेरा : ‘लिंग तपासा’.

कोल्हापुरात पोरी येतो-जातोच म्हणतात. मीही म्हणतो. बोलताना गेलो, लिहिताना गेले, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. मागच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, शालनच्या ‘येतो’ला मात्र लाल रेघ. सगळं पूर्ववत केलं. पत्रात नम्रपणे लिहिलं की लिंग तपासलं आहे, ते स्त्रीलिंगच आहे.

दुसऱ्या एकानं छापायचे पैसे मागितले आणि मुखपृष्ठावर एकच नाव घ्या म्हणाला, दोन नावं विकली जात नाहीत. वहिनी म्हणाल्या, मग तुमचंच घाला. मी म्हटलं, मग तुमचंच घालू. दादा म्हणाला, बघू की.

२३ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवायला हवं.

पूर्ण कादंबरीत ‘गुऱ्हाळ’ किती वेळा येतं ते बघायला शोध लावला. ६१. कमी वाटले. पानं चाळली तर शब्द डोळ्यासमोर दिसतोय आणि शोधात सापडत नाही. डीटीपीत इतकी वर्षं काढल्यावर हे मला आधी सुचायला हवं होतं. मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून सरळ ‘ऱ’ घेते. वहिनींच्या कॉम्प्युटरवरचं जुनं फोनेटिक ‘र’चा पाय मोडतं आणि पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालतं. पडद्यावर, कागदावर, दोन्ही अगदी सारखे. मशीनला मात्र दोन वेगळे शब्द.

म्हणजे कुणी काय लिहिलंय हे कळता कामा नये म्हणून आठ महिने धडपडलो, आणि फाइलीत प्रत्येक दुसऱ्या, तिसऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर आमच्या दोघींचे अंगठे उमटलेत.

मोह आवरला नाही. माझे निळे केले, त्यांचे तांबडे. चौदाव्या प्रकरणात एक वाक्य आहे, सगळ्या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडणारं :

"पूर ओसरला तेव्हा गुऱ्हाळाच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली, आणि आईनं देव उचलून त्या रेघेच्या वर टांगले."

हे माझं. शंभर टक्के माझं. आमच्या आईनं शुक्रवार पेठेत हेच केलं होतं, खिळे मीच ठोकले. शिडी धरायला कुणी नव्हतं म्हणून ती खाली उभी राहून सांगत होती, अजून वर, अजून वर. वाक्य लिहितानाची खुर्चीसुद्धा मला आठवते.

तांबडं.

फोन केला. वहिनी पतसंस्थेची बेरीज करत होत्या. म्हणाल्या, "हो, मीच लिहिलोय. तुम्ही सांगितलासा की, गंगावेशीत, दूध पिताना." मग थोडं थांबून, "पर मला वाटायचं ते वाक्य तुमचंच हाय."

उरलेले रंग बघितले नाहीत. सगळे ‘ऱ’ एका दमात एकसारखे करून टाकले. ३१८ ठिकाणी बदल झाल्याची पाटी आली. ओके दाबलं. जुनी फाइल आधी पेनड्राइव्हवर ठेवली होती, तीही पुसली. धंद्यातली सवय मोडून.

१६ मार्च

कॉपीराइट नोंदणीचा फॉर्म भरला. साहित्यकृतीला ५०० रुपये. १९५७ च्या कायद्यात संयुक्त लेखकत्वाची व्याख्याच अशी आहे की एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येऊ नये. वाचून बरं वाटलं, महिन्यापूर्वीपर्यंत आमचा येत होता.

हक्क राहतो तो दोघांतला मागं राहणारा गेल्यानंतर साठ वर्षं. वहिनी म्हणाल्या, "मग ताई तुम्ही धाकट्या, तुम्ही नीट जगा." पोरांना वाटणी समान, असा साधा कागद शंभराऐवजी पाचशेच्या स्टॅम्पवर केला, कारण आता शंभरचा चालत नाही. नावांचा क्रम : चिठ्ठी टाकली. त्यांचं आधी.

बाकी : करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन १९८९ च्या पुराचं एकदा पडताळून यायचं. शेवटच्या प्रकरणात करपलेलं आदण आलंय. कधी आलं, कुणी आणलं, विचारलं नाही.

६ एप्रिल

रामनवमी. बांधणी करून तीन प्रती काढल्या, २५४ पानं. एक दादाला.

दुपारी त्यानं चाळीस पानं वाचली. शालनचा भाऊ बापू, गुऱ्हाळ बंद पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीला "बघू की" म्हणणारा, तो पान बाविसावर येतो. दादा तिथं थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा बापू म्हंजे मी व्हय?"

आम्ही दोघी एकदम "न्हाई" म्हणालो.

"लिहिलाय कुणी?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. खरंच आठवत नव्हतं, आणि आता शोधही लावता येत नव्हता.

"आता काढतासा का तसाच ठेवतासा?" त्यानं विचारलं.

"बघू की," वहिनी म्हणाल्या.